उत्तेजनार्थ नव्हे

महाराष्ट्राबाहेर जेथे जेथे मराठी मंडळी जाऊन स्थायिक झाली, तेथे तेथे गणेशोत्सव गेला, आणि गणेशोत्सवाबरोबर स्पर्धाही गेल्या. आमच्या उज्जयिनीतही उत्सवाचे दिवस स्पर्धांवाचून जात नाहीत. रांगोळी, पाठांतर, गीतगायन, संगीतखुर्ची, लिंबू-चमचा. आणि प्रत्येक स्पर्धेच्या निकालपत्रकात पहिला, दुसरा, तिसरा ह्या क्रमांकांखाली एक ओळ ठरलेली : ‘उत्तेजनार्थ’. हा शब्द मोठा सोयीचा आहे. ज्याला क्रमांक देता येत नाही आणि ज्याला रिकाम्या हाताने परत पाठविणेही जिवावर येते, त्याच्यासाठी तो योजिलेला असतो. एखादे पायाने अधू असलेले मूल स्पर्धेत उतरले, की परीक्षक पुष्कळदा त्याचा खेळ नीट पाहण्यापूर्वीच मनातल्या मनात त्याचे नाव त्या ओळीत लिहून मोकळे होतात. टाळ्याही त्यालाच सर्वांत अधिक पडतात. त्या टाळ्यांत माया असते ह्यात शंका नाही. परंतु त्या टाळ्या खेळाला नसतात, पायाला असतात. आणि मुलाला हा फरक फार लवकर कळतो.

आमच्याकडे हिंदी मुलखात परीक्षेतील ग्रेस मार्कांना ‘कृपांक’ म्हणतात. मराठीत ह्याला ‘वाढीव गुण’ म्हटले की त्यातील मर्म झाकले जाते. हिंदी शब्दाने ते उघडे केले आहे. तो अंक कृपेचा आहे, कमाईचा नव्हे. काठावर अडलेल्या विद्यार्थ्याला कृपांक अवश्य द्यावा. परंतु ज्याने पंच्याऐंशी गुण स्वतः मिळविले आहेत, त्याच्या गुणपत्रिकेवरही आपण कृपांकाचाच शिक्का मारू लागलो, तर तो त्याचा सन्मान म्हणावा की अपमान?

हा प्रश्न आमच्या मनात वारंवार उभा राहिला तो मानसी जोशी ह्या बॅडमिंटनपटूची कारकीर्द अभ्यासताना. १९८९ साली जन्मलेल्या मानसी जोशी मुंबईच्या अणुशक्तिनगरात वाढल्या. वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात. खेळाचे पहिले धडे घरीच, वडिलांबरोबर. पुढे मुंबईच्या सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून २०१० साली त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधर झाल्या आणि संगणकाच्या क्षेत्रात नोकरीस लागल्या. येथवरची कथा आपल्यापैकी कोणत्याही घरातील मुलीची असू शकेल. २ डिसेंबर २०११ रोजी दुचाकीवरून कामावर जात असता एका ट्रकने त्यांना धडक दिली आणि त्यांचा डावा पाय चिरडला गेला. पाय वाचविण्याचे प्रयत्न झाले, ते निष्फळ ठरले, आणि अखेर तो कापावा लागला. वय अवघे बावीस.

अपघातावर आम्ही अधिक लिहीत नाही. ह्या खेळाडूविषयी जे जे छापून येते, त्यात बहुधा अर्धा मजकूर त्या एका दिवसाचा असतो आणि उरलेल्या अर्ध्यात पुढील सारी वर्षे कोंबलेली असतात. आमच्या मते हे प्रमाण उलटे हवे. अपघात होण्यास कर्तृत्व लागत नाही. कर्तृत्व लागते ते त्यानंतरच्या रोजच्या सरावाला.

बॅडमिंटन हा खेळ मराठी माणसाला परका नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्करी अधिकारी पुण्याच्या छावणीत तो खेळत, आणि त्या गावावरून त्याला ‘पूना’ असेच नाव पडले होते. आजचे नाव त्याला इंग्लंडातील एका सरदारवाड्यावरून मागाहून मिळाले. मराठी घरांतील मुलींनीही तो फार पूर्वीच आपलासा केला. संस्कृतचे प्राध्यापक आणि क्रिकेटचे महर्षी दि. ब. देवधर ह्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन ह्या तिन्ही कन्या चाळीसच्या दशकात बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या होत्या. दमयंती तांबे ह्यांना १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा मानसी जोशींनी कृत्रिम पाय लावून पुन्हा रॅकेट हाती घेतली, ती ह्या जुन्या परंपरेतच. फक्त त्यांचे मैदान निराळे होते.

ते मैदान कसे असते, हे येथे नीट सांगितले पाहिजे. कारण गैरसमजाचे मूळ तेथेच आहे. पॅरा-बॅडमिंटनमध्ये खेळाडूंचे सहा वर्ग केलेले असतात. दोन चाकांच्या खुर्चीवरून खेळणाऱ्यांचे. दोन पायांत दोष असूनही उभ्याने खेळणाऱ्यांचे. एक हातात दोष असलेल्यांचा. आणि एक खुजी शरीरयष्टी असलेल्यांचा. उभ्याने खेळणाऱ्यांत ज्यांच्या हालचालीस अधिक बाधा आहे, त्यांच्या वर्गास ‘एसएल ३’ म्हणतात. मानसी जोशी ह्या वर्गात खेळतात. तज्ज्ञ खेळाडूची तपासणी करून त्याचा वर्ग ठरवितात, आणि मग सामना बरोबरीच्यांतच होतो.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘म्हणजे सवलतच ती!’ मग कुस्तीकडे पाहावे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेल्सिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले ते बॅंटमवेट गटात, हलक्या वजनाच्या मल्लांशी लढून. शंभर किलोच्या पैलवानाशी त्यांची गाठ पडली नाही, म्हणून त्यांचे पदक कोणी उत्तेजनार्थ मानले आहे काय? वजनी गट ही दया नव्हे, ती कुस्तीची न्यायव्यवस्था आहे. पॅरा-खेळांतील वर्ग हीही तशीच न्यायव्यवस्था आहे. शरीराचा फरक शक्य तितका बाजूला काढावा आणि उरलेले कौशल्य, दम व डोके ह्यांवर निकाल लागावा, एवढाच तिचा हेतू.

‘एसएल ३’ वर्गाचा एकेरीचा सामना अर्ध्या कोर्टावर होतो. कोर्टाची लांबी तीच, १३.४० मीटर, रुंदी मात्र मधल्या रेषेपासून कडेच्या रेषेपर्यंत, म्हणजे सुमारे २.६० मीटर. ऐकताना वाटते, अर्धे कोर्ट म्हणजे अर्धे श्रम. वस्तुस्थिती तशी नाही. रुंद कोर्टावर प्रतिस्पर्ध्याला डावीकडून उजवीकडे पळवून गुण घेता येतो; येथे ती पळवाटच बंद. शटल एकतर जाळ्यालगत टाकायचे, नाहीतर शेवटच्या रेषेपर्यंत मागे ढकलायचे. त्यामुळे खेळाडूला पुढे धावून झुकावे लागते आणि लगेच उलट पावली मागे यावे लागते. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. दोन धड पायांच्या माणसालाही मागे धावणे अवघड असते. कृत्रिम पायाला तर जमिनीचा स्पर्श कळत नाही. पाय कुठे टेकला, किती टेकला, हे उरलेल्या अवयवावर पडणाऱ्या दाबावरून ओळखावे लागते. खोबणी घामाने ओली झाली की पकड सैल होते. कातडीला घर्षण होते. सराव वाढविला की जखमा होतात आणि थांबविला की दम जातो. पाच ग्रॅमच्या आसपास वजनाचे ते पिसांचे फूल वरून खाली येईपर्यंत हा सारा हिशेब शरीराने आपोआप मांडलेला असावा लागतो. हे आपोआप होणे हजारो वेळा केल्याशिवाय येत नाही.

अपघातानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच मानसी जोशी कार्यालयीन स्पर्धेत खेळल्या. पुढे नोकरी सांभाळून सराव सुरू झाला. २०१५ साली इंग्लंडात स्टोक मॅंडेव्हिल येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत त्यांनी मिश्र दुहेरीचे रौप्यपदक मिळविले. २०१७ साली दक्षिण कोरियातील उल्सान येथे एकेरीचे कांस्य. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत पुन्हा कांस्य. वाचकांनी ध्यानात घ्यावे की ह्या तिन्ही ठिकाणी ह्याच वर्गाच्या एकेरीचे सुवर्णपदक एकाच स्त्रीने नेले, आणि तीही भारतीयच. गुजरातेतील गांधीनगरच्या पारुल परमार. बालपणी पोलिओ झालेल्या पारुलबेन मानसी जोशींहून सोळा वर्षांनी मोठ्या. २००९ सालच्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. आपल्याच देशात, आपल्याच वर्गात अशी प्रतिस्पर्धी असणे म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी घर असण्यासारखे आहे. रोज उठून तोच डोंगर पाहावयाचा. काहींचे अशाने मन खचते. काही चढावयास शिकतात.

२०१८ साली मानसी जोशी हैदराबादेस पुल्लेला गोपीचंद ह्यांच्या अकादमीत दाखल झाल्या. गोपीचंद हे २००१ सालचे ऑल इंग्लंड विजेते. गुडघ्याच्या दुखापतीतून उठून जिंकणे काय असते हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. तेथे तासांचे गणित बदलले. एकीकडे मैदानावरचा सराव, दुसरीकडे व्यायामशाळेत धड पायाचे, कमरेचे आणि उरलेल्या अवयवाचे स्नायू बळकट करणे.

ऑगस्ट २०१९. स्वित्झर्लंडमधील बाझेल. जागतिक बॅडमिंटन स्पर्धा आणि पॅरा-बॅडमिंटनची जागतिक स्पर्धा ह्या दोन्ही प्रथमच एकाच ठिकाणी, एकाच वेळी भरविल्या होत्या. अंतिम सामन्यात समोर पारुल परमार. तीन वर्षांत तीन पदके गळ्यात पडली होती. परंतु एकेरीच्या सुवर्णाने नेहमी पारुलबेनचाच गळा निवडला होता. ह्या वेळी निकाल लागला तो २१-१२, २१-७ असा, मानसी जोशींच्या बाजूने. दोनच गेममध्ये त्या जागतिक विजेत्या झाल्या. ह्या आकड्यांत कोठेही कृपांक नाही.

त्याच स्पर्धेत २५ ऑगस्ट रोजी पी. व्ही. सिंधू ह्यांनी जपानच्या नोझोमी ओकुहारा ह्यांना २१-७, २१-७ असे नमवून भारताला पहिले जागतिक एकेरी सुवर्ण मिळवून दिले. देश आनंदाने न्हाऊन निघाला, आणि तो आनंद सर्वथा योग्यच होता. मानसी जोशींच्या सुवर्णपदकाची वार्ता मात्र पुष्कळांना काही दिवसांनी, चुकल्यासारखी कळली. मग एकदम उलटे टोक. २०२० साली ‘टाइम’ नियतकालिकाच्या आशियाई आवृत्तीच्या मुखपृष्ठावर त्या झळकल्या. त्याच वर्षी त्यांच्यासारखा कृत्रिम पाय असलेली बार्बी बाहुली निघाली. एखाद्या लहानग्या मुलीला तशी बाहुली हाती धरून काय वाटले असेल, ह्याची कल्पना आम्ही करू शकतो, आणि त्या बाहुलीचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. मार्च २०२२ मध्ये त्या आपल्या वर्गात जागतिक क्रमवारीत पहिल्या आल्या. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. हा क्रमांक बाहुलीच्या मानाने फारच थोड्यांच्या स्मरणात आहे.

आता ह्या कारकिर्दीतील ती बाजू, जी कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही. टोकियो पॅरालिंपिक २०२१ साली पार पडले आणि त्यात बॅडमिंटनचा प्रथमच समावेश झाला. ‘एसएल ३’ वर्गातील पुरुषांची एकेरी त्यात होती. प्रमोद भगत ह्यांनी तीत सुवर्ण जिंकले. त्याच वर्गातील स्त्रियांची एकेरी मात्र नव्हती. जगज्जेती घरी राहिली. कारण तिच्यासाठी स्पर्धाच भरली नव्हती. २०२४ साली पॅरिस येथे ती प्रथम भरली. तोवर बाझेलला पाच वर्षे झाली होती. २०२३ साली चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशियाई पॅरा स्पर्धेत मानसी जोशींनी एकेरीत कांस्य आणि तुलसीमती मुरुगेसन ह्यांच्यासमवेत दुहेरीत रौप्य मिळविले होते; म्हणजे हात शाबूत होता.

पॅरिसमध्ये गटातील दोन सामने. पहिला इंडोनेशियाच्या कोनिता इख्तियार स्याकुरोह ह्यांच्याशी. पहिला गेम जिंकला, दुसरा गेला, तिसरा १८-२१ असा गेला. दुसरा सामना युक्रेनच्या ओक्साना कोझिना ह्यांच्याशी. हाही तीन गेमपर्यंत लांबला आणि निर्णायक गेम २१-२३ असा हातचा निसटला. वीस-वीस बरोबरी झाल्यावर दोन गुणांची आघाडी लागते. ती समोरच्या बाजूस मिळाली. गटातच आव्हान संपले. ज्यांच्याशी पहिला सामना गेला, त्या कोनिता पुढे रौप्यपदकाच्या मानकरी ठरल्या. सुवर्ण चीनच्या श्याओ झूश्यान ह्यांनी नेले.

हा पराभव आम्ही मुद्दाम आकड्यांसह दिला आहे. ‘त्या तेथवर पोहोचल्या हेच पुष्कळ’, असे म्हणणारे अनेक भेटतील. हेच ते उत्तेजनार्थ बक्षीस! सिंधू हरल्या की आपण त्यांच्या बॅकहॅंडची चिकित्सा करतो, कोठे दम कमी पडला ह्यावर वाद घालतो, क्वचित रागावतोही. तो राग हा आदराचाच एक प्रकार असतो, कारण जिच्याकडून अपेक्षा असते तिच्यावरच माणूस रागावतो. मानसी जोशींचा २१-२३ हा गेमही त्याच कसोटीवर घासला गेला पाहिजे. त्या पॅरिसला फिरावयास गेल्या नव्हत्या. पदकासाठी गेल्या होत्या, आणि ते त्यांना मिळाले नाही. जिच्या विजयाला आपण विजय म्हणतो, तिच्या पराभवालाही पराभव म्हणण्याइतके आपण तिला मोठे मानले पाहिजे.

ह्या उपेक्षेचा इतिहास जुना आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले जवान. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधली सेहेचाळीस वर्षे त्यांचे पदक कोणत्या खात्यात जमा होते? आमच्या मते ‘उत्तेजनार्थ’ ह्याच खात्यात.

भाषेच्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट जाणवते. आमच्या आयुष्यात एकाच अर्थाचे तीन शब्द सरकारी कागदांवर येऊन गेले. आधी अपंग, मग विकलांग, आता दिव्यांग. प्रत्येक नवा शब्द आधीच्याहून अधिक मऊ. शब्द मऊ झाले त्याबद्दल तक्रार नाही. परंतु शब्दांनी पायऱ्यांच्या जागी उतरण होत नाही आणि खेळाचा तास मिळत नाही. २०१६ सालच्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने शिक्षणसंस्थांवर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे की अशा मुलांना इतरांच्या बरोबरीने शिक्षणाची आणि खेळाचीही संधी द्यावी. ‘खेळाचीही’ हा शब्द फारसा कोणी वाचीत नाही. पाठ्यपुस्तके मिळतात, शिष्यवृत्ती मिळते. खेळाच्या तासाला मात्र असे मूल झाडाखाली बसून इतरांची दप्तरे राखताना दिसते. हे काम त्याला प्रेमाने दिलेले असते. वर्षानुवर्षे तेच काम केले की त्या मुलालाही वाटू लागते, आपण राखणदारच आहोत.

आमच्या गावाला मल्लखांबाची मोठी परंपरा आहे आणि मध्य प्रदेशाने तर २०१३ साली मल्लखांबाला राज्यक्रीडेचा मान दिला. तेव्हा शरीर घडवून घ्यावे लागते, हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही. फक्त ते सर्वच शरीरांना लागू आहे, एवढे ध्यानात यावयास हवे. आमच्या मराठी मंडळांच्या स्पर्धांतही असे मूल उतरले, तर दोनच गोष्टी कराव्यात. त्याच्या बरोबरीचे आणखी कोणी असल्यास त्यांचा वेगळा गट करून खरी स्पर्धा लावावी. नसल्यास त्याचे गाणे वा त्याचा खेळ इतरांच्याच कसोटीवर पाहावा. क्रमांक आला तर द्यावा, न आल्यास कोठे कमी पडले ते त्याला सांगावे. हे दुसरे काम आपल्याला फार जड जाते. परंतु ‘तुझा मागचा हात कच्चा आहे, पुढल्या वर्षी सुधारून ये’ असे ज्याला कोणी सांगितले, त्याला पुढले वर्ष मिळाले.

दरवर्षी शाळा सुरू झाल्या की पालकांचे अर्ज येऊ लागतात : मुलीच्या पायात दोष आहे, तरी तिला खेळाच्या तासातून सूट मिळावी. अक्षर बहुधा आईचे असते आणि त्यामागील काळजी आम्हांस कळते. मूल पडेल, त्याला कोणी हसेल, ही भीती खोटी नाही. आमची अशा सर्व माउलींना एवढीच विनंती आहे, की अर्ज लिहिण्यापूर्वी मुलीला जवळ बसवून एकदा विचारावे, ‘तुला काय खेळायला आवडेल?’ पुष्कळ घरांत हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलेलाच नसतो.